गोल्डन रिट्रीव्हर : एक वंश, तीन दप्तरे

कुत्र्यासारख्या विषयावर या पुस्तिकेत लिहावे की नाही, याबद्दल मी बरेच दिवस साशंक होतो. येथे होळकर-शिंद्यांच्या कागदपत्रांवर, जुन्या वाड्यांवर, आपल्या पूर्वजांच्या स्थलांतरांवर लेख येतात आणि ते तसेच यावेत. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याच्या उत्तराच्या शोधात मी ज्या इतिहासात शिरलो, तोही अखेर दप्तरांचा, स्थलांतराचा आणि ‘अस्सल कोण’ या वादाचाच निघाला. तेव्हा वाचकांनी हा प्रमाद पोटात घालावा.

प्रश्न असा होता. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे एक गोल्डन रिट्रीव्हर होता. आम्ही उभयता तिकडे गेलो की सकाळचे फिरणे माझे आणि त्याचे बरोबर होत असे. सडपातळ, उंच पायांचा, गडद मधाच्या रंगाचा, अत्यंत सालस प्राणी. आठव्या वर्षी त्याच्या प्लीहेत कर्करोगाची गाठ निघाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. पुढे दीड वर्षाने इंदुरात माझ्या मुलाने आपल्या मुलीसाठी त्याच जातीचे पिल्लू घ्यायचे ठरवले. विक्रेत्याने दोन तऱ्हेची पिल्ले दाखवली. एक तऱ्हा नेहमीची सोनेरी. दुसरी जवळजवळ सायीच्या रंगाची, आणि तिची किंमत दीडपट. कारण विचारता तो म्हणाला, हे ‘इंग्लिश क्रीम’ आहेत, अमेरिकन माल नाही, ‘इनमें कैंसर नहीं होता’. दहा वर्षांच्या नातीने ते ऐकले आणि घरी येऊन मला विचारले, “आजोबा, मग आत्याने इंग्लिशवाला का नाही घेतला?”

मी चौतीस वर्षे महसूल खात्यात काढली. कोणी काही हक्काने सांगू लागला की नोंद कुठे आहे हे विचारायची सवय हाडीमाशी खिळलेली. तेव्हा खसरा पाहावा तसा मी या जातीचा खसरा पाहायला बसलो.

मूळ जागा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, इनव्हर्नेस परगण्यातील, गीशाखन नावाची जहागीर. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ देवदार वर्गातील वृक्षांची जागा असा होतो. सर डडली कूट्स मार्चबँक्स (१८२०–१८९४) या धनाढ्य गृहस्थांनी ती १८५४ च्या सुमारास घेतली. त्यांचे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘मार्जोरीबँक्स’ असे लिहितात आणि उच्चारताना ‘मार्चबँक्स’ म्हणतात. इंग्रजांच्या अशा लहरींपुढे आपल्या मोडी लिपीला उगाच नावे ठेवली जातात. असो. वडील कूट्स बँकेचे भागीदार, स्वतः डडली मद्यनिर्मितीच्या मोठ्या व्यवसायात आणि पार्लमेंटचे सभासद. १८८१ मध्ये ते लॉर्ड ट्वीडमाउथ झाले. जहागिरीलगत टोमिच नावाचे गावही त्यांनी नव्याने वसवले.

त्या काळी शिकारीच्या बंदुका सुधारत चालल्या होत्या. नळीच्या मागून काडतूस भरायची सोय झाल्याने बार भराभर सुटत आणि पक्षी लांबवर, कधी तळ्यात, कधी झुडपात पडत. ते शोधून, दातांची खूण न उमटवता, मालकाच्या हाती आणून देणारा कुत्रा हवा होता. आणून देणारा तो ‘रिट्रीव्हर’. तेव्हाचे बहुतेक रिट्रीव्हर काळे असत. १८६५ मध्ये ब्रायटन येथे मार्चबँक्सांना पिवळ्या रंगाचा एक नागमोडी केसांचा रिट्रीव्हर मिळाला. एका चांभाराकडे तो कर्जाच्या मोबदल्यात आलेला होता आणि सगळ्या काळ्या भावंडांत तो एकटाच पिवळा निपजला होता, असे सांगतात. यात अद्भुत काही नाही. कुत्र्यांतील हा पिवळा रंग अप्रभावी असतो. काळ्या आई-बापांच्या पोटी तो पिढ्यान् पिढ्या दडून राहतो आणि दोघांकडूनही आला तरच प्रकटतो. या कुत्र्याचे नाव ‘नूस’, म्हणजे ग्रीक भाषेत बुद्धी.

नूसची जोडी लावली गेली ‘बेल’ नावाच्या कुत्रीशी. ती ट्वीड नदीकाठच्या जल-स्पॅनियल जातीची. ती जात पुढे नामशेष झाली. १८६८ मध्ये त्यांना पिवळी पिल्ले झाली आणि त्यांना पिवळ्या फुलांची नावे मिळाली : क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोज. (क्रोकस म्हणजे आपल्या केशराच्याच कुळातले फूल.) काही पिल्ले मुलाला-आप्तांना दिली, काउस्लिप मात्र जहागिरीतच राहिली आणि पुढचा वंश मुख्यतः तिच्यापासून चालला. मधूनमधून काळे रिट्रीव्हर आणि तांबडा सेटर यांचे रक्तही मिसळले गेले. हे सारे आपण एवढ्या खात्रीने सांगू शकतो, कारण मार्चबँक्स आपल्या कुत्र्यांची वही ठेवत. कोणाचा बाप कोण, आई कोण, पिल्लू कोणास दिले, याच्या हस्तलिखित नोंदी. पिवळ्या पिल्लांची शेवटची नोंद १८८९ ची असून त्या दोघींची नावे ‘प्रिम’ आणि ‘रोज’ अशी आहेत. एक फूल दोघींत वाटून दिलेले पाहून मला त्या वृद्ध उमरावाबद्दल आपलेपणा वाटला.

ही वही मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ घरातच पडून होती. तेवढ्यात एक दंतकथा रूढ झाली. ब्रायटनला रशियन सर्कस आली होती, तिच्यातील पिवळ्या कुत्र्यांचे खेळ पाहून मार्चबँक्सांनी सगळा जथाच विकत घेतला, आणि हीच गोल्डनांची मूळपीठिका, असे लोक सांगू लागले. कर्नल ल पोअर ट्रेंच यांच्यासारखे नामांकित श्वानपालकही आपल्या कुत्र्यांना रशियन म्हणवीत. १९५२ मध्ये मार्चबँक्सांचे आप्त लॉर्ड इल्चेस्टर यांनी ‘कंट्री लाइफ’ या नियतकालिकात त्या नोंदी प्रसिद्ध केल्या, एल्मा स्टोनेक्स या बाईंनी त्यांचा कसून अभ्यास केला आणि सर्कस कायमची उठली. वहीत रशियाचे नावही नव्हते. ज्यांनी एखाद्या जुन्या घराण्याची वंशावळ कागदावरून तपासली आहे, त्यांना हा प्रकार परिचयाचा वाटेल. पराक्रमी पूर्वज बहुधा कहाणीत असतात आणि कागदात चांभाराचे कर्ज निघते.

आता स्थलांतर. मार्चबँक्सांची मुलगी इशबेल लॉर्ड ॲबर्डीन यांची पत्नी. हे ॲबर्डीन १८९३ ते १८९८ कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. त्यापूर्वीच १८९० मध्ये त्यांनी ब्रिटिश कोलंबियात, आजच्या केलोना शहराच्या जागी, शेतीवाडी घेतली होती आणि तिचे नाव काय ठेवले, तर गीशाखन! इशबेलचा धाकटा भाऊ आर्ची ओटावात असताना, १८९४ च्या सुमारास, त्याच्याजवळ ‘लेडी’ नावाची गोल्डन कुत्री होती व तिचे छायाचित्रही उपलब्ध आहे. नोंदणीकृत अमेरिकन वंश मात्र या कुत्र्यांपासून मोजला जात नाही. तो पुष्कळ नंतर आलेल्यांपासून मोजतात. इकडे इंग्लंडात १९०८ मध्ये लॉर्ड हार्कोर्ट यांनी हे कुत्रे प्रदर्शनात आणले. १९११ मध्ये मिसेस चार्ल्सवर्थ यांच्या पुढाकाराने क्लब निघाला, १९१३ मध्ये केनेल क्लबाने ‘गोल्डन किंवा यलो’ अशा दुहेरी नावाने स्वतंत्र नोंद सुरू केली आणि १९२० मध्ये ‘यलो’ गळून ‘गोल्डन’ उरले. अमेरिकेत पहिली नोंद १९२५ ची, स्वतंत्र जात म्हणून मान्यता १९३२ ची; कॅनडात नोंदणी १९२७ पासून. कर्नल सॅम्युअल मॅगॉफिन यांनी ब्रिटनमधून आणलेला ‘स्पीडवेल प्लूटो’ हा अमेरिकेतील या जातीचा पहिला चॅम्पियन. १९३८ मध्ये अमेरिकन क्लब स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्षही मॅगॉफिनच.

म्हणजे एक वंश, तीन देश, तीन दप्तरे. येथून पुढे तिन्हीकडचे कुत्रे वेगळे का होत गेले, हा खरा प्रश्न. हवापाण्याचा परिणाम म्हणावा, तर शंभर वर्षे त्यासाठी अपुरी आहेत. मला दोन कारणे दिसली आणि दोन्ही सरकारी कामकाजात आयुष्य घालवलेल्या माणसाला पटण्यासारखी आहेत.

पहिले कारण जकातनाक्यासारखे आहे. पिसाळरोग देशात येऊ नये म्हणून ब्रिटनने विसाव्या शतकाच्या आरंभापासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा नियम केला. तो युरोपातील कुत्र्यांपुरता २००० मध्ये आणि अमेरिका-कॅनडातील कुत्र्यांपुरता २००२ च्या अखेरीस शिथिल झाला. शंभर वर्षे ब्रिटनमधून कुत्रा बाहेर सहज जाई, पण परत येणे जिकिरीचे होते. प्रवाह एकाच दिशेने वाहिला. अमेरिकेत जे घडले ते ब्रिटनच्या रक्तात फारसे परतले नाही, आणि एकदा तिकडे पुरेसे कुत्रे झाल्यावर नवे आणण्याची गरजही कमी झाली.

दुसरे कारण म्हणजे प्रमाणपत्रक, अर्थात आदर्श कुत्रा कसा असावा याचे लेखी वर्णन. परीक्षक त्याप्रमाणे बक्षीस देतो, बक्षीस मिळालेल्या नराला मागणी येते आणि दहा-पंधरा पिढ्यांत कागदावरचे वाक्य कुत्र्याच्या अंगावर उमटते. ब्रिटिश कागदाप्रमाणे नराची उंची ५६ ते ६१ सेंटिमीटर, मादीची ५१ ते ५६. अमेरिकन कागद इंचात बोलतो : नर २३ ते २४, मादी साडेएकवीस ते साडेबावीस; आणि एक इंचाहून अधिक फरक पडला तर कुत्रा स्पर्धेतूनच बाद. आता ५१ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २० इंच. वीस इंचांची कुत्री ब्रिटनमध्ये निर्दोष, आणि तीच अमेरिकेत उतरली की अपात्र! ब्रिटिश कागदात असे बाद करण्याचे कलम नाही. जो दोष जितका, तितकाच तो धरावा, असे सांगून सारे परीक्षकाच्या विवेकावर सोडले आहे. एका देशाने नियम लिहिला, दुसऱ्याने विवेकाधिकार दिला. दोन्ही पद्धतींनी कामे अडतात हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. कॅनडाचा कागद उंचीच्या बाबतीत अमेरिकेच्या जवळ आहे.

प्रत्यक्षात दिसणारा फरक साधारण असा. ब्रिटिश वळणाचा कुत्रा भरीव हाडांचा, रुंद कपाळाचा, भरल्या छातीचा, काहीसा ठेंगणा. डोळे गोल, काळसर. रंग फिकट सोनेरी ते साय. अमेरिकन कुत्रा अंगाने हलका, पायांनी उंच. केस लांब, पोटाखाली आणि शेपटीला झालरीसारखे. रंग मध्यम ते गडद सोनेरी. कॅनडाचा म्हणून जो सांगतात, तो अधिक उंच आणि त्याचे केस गडद व विरळ; पण माझे प्रामाणिक मत असे की हा तिसरा प्रकार पुस्तकांत जितका ठळक आहे, तितका रस्त्यावर नाही. सीमेपलीकडे कुत्र्यांची ये-जा इतकी की दोन्हींतील रेघ पुसटच. खरा मोठा फरक तिन्ही देशांच्या आतच आहे : प्रदर्शनाचा कुत्रा आणि शिकारीच्या कामाचा कुत्रा. कामाचा गोल्डन लहानखुरा, चपळ, बहुधा तांबूस. शेजारी उभे केले तर एकाच जातीचे आहेत हे चटकन ओळखू येत नाही.

रंगाची कथा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण दीडपट किंमत रंगाची होती. १९११ च्या पहिल्या ब्रिटिश वर्णनात रंग गडद सोनेरी असावा, आयरिश सेटरइतका काळपट तांबडा नसावा आणि सायीसारखा फिकटही नसावा, अशी अट होती. म्हणजे इंग्लंडमध्ये मुळात साय वर्ज्य! १९३६ मध्ये ती अट बदलली आणि सोनेरी वा सायीची कोणतीही छटा चालेल, तांबडा व महोगनी रंग मात्र नको, असे ठरले. नंतरच्या दशकांत परीक्षकांची आणि लोकांची आवड फिकटाकडे झुकत गेली. अमेरिकन कागदाने मात्र अतिफिकट आणि अतिगडद हे दोन्ही अनिष्ट ठरवले. तेव्हा न्यू जर्सीतला आमचा मधाच्या रंगाचा कुत्रा, रंगापुरते बोलायचे तर, १९११ च्या इंग्लंडला अधिक जवळचा होता. ‘इंग्लिश’ म्हणून विकले जाणारे पिल्लू नंतरच्या इंग्लंडचे. केसांच्या झालरीत आणि अंगलटीत अमेरिकेनेही आपली भर घातली आहे, त्यामुळे मूळचा साचा आज कोणाकडेच जसाच्या तसा नाही.

आपल्यापैकी अनेकांना हा प्रकार घरचाच वाटेल. पुण्याचे पाहुणे आपल्या ‘येऊन राहिलो आहे’ला हसतात, आणि आपण त्यांना आज्यांच्या तोंडचे असे शब्द ऐकवतो, की जे पुण्यात आता कोणी उच्चारत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे असतात. सोडून आलेले गाव आपल्यासाठी थांबून राहिलेले नसते, आणि आपणही.

‘इंग्लिश क्रीम’ ही स्वतंत्र जात किंवा उपजात कोणत्याच दप्तरात नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकन केनेल क्लबाच्या नोंदणीत रंगाचे तीनच रकाने आहेत : गडद सोनेरी, सोनेरी, फिकट सोनेरी. ब्रिटनमध्ये तो नुसता गोल्डन रिट्रीव्हर. नाव बाजाराने दिले आहे.

राहिला कर्करोग. हा भाग लिहिताना माझा हात जड होतो, पण नातीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. १९९८ च्या सुमारास अमेरिकन क्लबाने आपल्या सभासदांच्या कुत्र्यांची पाहणी केली, तीत मृत्यूंपैकी ६० टक्क्यांच्या आसपास मृत्यू कर्करोगाने झालेले आढळले. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये अशीच पाहणी झाली. तेथील प्रमाण ३८–३९ टक्के निघाले. विक्रेत्याच्या बोलण्याचा उगम बहुधा या दोन आकड्यांत असावा. फरक मोठा आहे आणि तो अगदीच निराधार म्हणून झटकता येणार नाही. शंभर वर्षे वेगळे राहिलेल्या दोन कुळांत रोगाचा वारसाही वेगळा होऊ शकतो. पण या दोन्ही पाहण्या मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेल्या आहेत. कोणी उत्तर पाठवले, मृत्यूनंतर तपासणी झाली की नाही, यावर आकडा हलतो. शिवाय अमेरिकेतला कुत्रा साठातला आणि इंग्लंडातला अडतीसातला, यात ‘होत नाही’ कोठे आले? दर पाच इंग्लिश कुत्र्यांपैकी जवळजवळ दोन त्याच रोगाने जातात. आणि रंगाचा तर या आकड्यांशी संबंधच जोडलेला नाही. पाहणी देशांची होती, सायीची नव्हे. अमेरिकेत २०१२ मध्ये मॉरिस ॲनिमल फाउंडेशनने तीन हजारांवर गोल्डन कुत्र्यांना लहानपणापासून मृत्यूपर्यंत दरवर्षी तपासण्याचे काम हाती घेतले. रक्त, अन्न, राहते घर, अंगणातली औषधफवारणी, सगळ्याची नोंद. मार्चबँक्सांच्या वहीनंतर या जातीसाठी इतकी चिकाटीची नोंदवही दुसरी झाली नसेल.

मी हे सारे नातीला सोपे करून सांगितले. आत्याने चुकीचा कुत्रा घेतला नव्हता, एवढे तिला समजले आणि तेवढेच तिला हवे होते. मुलीलाही फोनवर ते सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “बाबा, तो आकडा मला आधी ठाऊक असता तरी मी त्यालाच आणला असता.”

पिल्लू आम्ही त्या विक्रेत्याकडून घेतले नाही. दुसऱ्या एका गृहस्थांकडे आई आणि बाप दोन्ही समोर दिसले, दोघांच्या कंबरेच्या सांध्यांचे क्ष-किरण अहवाल होते, आणि आजी-आजोबा किती वर्षांचे होऊन कशाने गेले हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांपैकी एक कर्करोगाने गेल्याचे त्यांनी न विचारता सांगितले, त्यामुळेच मुलाचा विश्वास बसला. पिल्लाचे पूर्वज काही इंग्लंडकडचे, काही अमेरिकेकडचे. आपल्याकडे अशी सरमिसळ सर्रास असते. कागदावर रंगाच्या रकान्यात ‘गोल्डन’ आहे.

क्रोकसची गोष्ट ऐकून नातीने तिचे नाव केशर ठेवले. आता ती अकरा महिन्यांची आहे. स्कॉटलंडच्या थंड पाण्यासाठी घडलेला तो दुहेरी केसांचा कोट घेऊन तिने माळव्याचा पहिला मे महिना काढला. दुपारभर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पसरून असे आणि संध्याकाळी सहानंतरच फिरायला निघे. सकाळी मात्र साडेपाचला माझी चप्पल तोंडात धरून दाराशी उभी राहते. चपलेवर अजून दाताची खूण नाही.